बसलिंग आणि सहावा बार

बसलिंगने मला दिलेलं नाव तोंडाने घेता येत नाही. अंगठा आणि पहिलं बोट गळ्याच्या घाटीवर ठेवायचं आणि घाटी वरखाली करायची, झालं माझं नाव. भेदरलेला माणूस आवंढा गिळतो ना, तसं. वडिलांनी ठेवलेलं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, पण स्वभाव ओळखून ठेवलेलं एवढं एकच. त्याचा अर्थ कळला तेव्हा मला राग आला होता. पुढे वाटलं, या माणसाने चार दिवसांत जे ओळखलं ते माझ्या बायकोला कळायला चार वर्षं लागली.

मी तेव्हा दुष्काळी कामांवर हजेरी कारकून होतो. लातूर जिल्हा नवानवा झाला होता. कचेरीत खुर्च्या नव्या आणि फाइली जुन्या. त्यांच्यावरचं उस्मानाबाद खोडून लातूर लिहिण्यातच आमचे सुरुवातीचे महिने गेले होते. नव्या जिल्ह्याचं कौतुक अजून ओसरलं नव्हतं तोच पावसाने पाठ फिरवली. लागोपाठ दोन वर्षं. चाकूरच्या पुढे एका खेड्यात पिण्याच्या पाण्याची विहीर मंजूर झाली आणि साहेबांनी हजेरीपट माझ्या हातात देऊन मला तिकडे धाडलं.

मला विहिरीची लहानपणापासून भीती. काठाशी उभं राहिलं की तळपायाला मुंग्या येतात. त्यात ही विहीर काळ्या पाषाणातली, पन्नास फुटांच्या खाली गेलेली, आणि रोज दुपारी तिच्यात सुरुंग लावायचे. माणसं आणि दगड वरखाली करायला काठावर लाकडी यारी उभी केलेली होती. तिचा दोर करकरला तरी माझ्या हातातली पेन्सिल थांबायची.

सुरुंगाचं काम बसलिंगकडे होतं. पहारीने पाडलेल्या भोकांत दारू ठासायची, वाती बसवायच्या, सगळे वर गेले की एकट्याने खाली थांबून त्या पेटवायच्या आणि यारीच्या बादलीतून वर यायचं. हा माणूस जन्मापासून बहिरा आहे हे मला कळलं तेव्हा मी थेट मुकादमाकडे गेलो. नारायण मुकादम नांदेडकडचा, अंगाने आणि आवाजाने दांडगा.

"मुकादम, सुरुंगावर बहिरा माणूस? काही झालं म्हणजे?"

"सायब, आवाजानं ज्याचं काळीज हालत न्हाई, त्यालाच द्यावं हे काम. बाकीचे वात पेटायच्या आधीच पळून राहिले की!"

मी त्या पळणाऱ्यांतलाच होतो.

बसलिंग उदगीरकडच्या शेतकरी घरातला, चाळिशीच्या आसपासचा. कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, उजव्या भुवईत एक जुनी चीर. गाव त्याला 'मुक्या' म्हणायचं. त्याचं स्वतःचं नाव मात्र निराळं होतं: बोटाने भुवई कापल्यासारखं करायचं. ते घेतलं की त्याचा चेहरा खुलायचा. मी ते पहिल्यांदा घेतलं तेव्हा त्याने माझं बोट पकडून दोन केसांइतकं बाजूला सरकवलं आणि पुन्हा घ्यायला लावलं. डाव्या भुवईवर केलं असतं तर तो दुसराच कुणीतरी झाला असता म्हणे.

त्याच्याशी बोलायला मी शिकलो ते हौसेने नव्हे, भीतीने. दुपारी वर किती आले आणि खाली किती राहिले हे माझ्या हजेरीपटावर असायचं. एक माणूस जरी खाली राहिला तरी त्याचं नाव मी लिहिलेलं. आणि वाती पेटवणाऱ्याला हे विचारायची माझ्याकडे सोयच नव्हती. मग जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्यासमोर बसायला लागलो. आधी मला वाटलं होतं, चार खुणा असतील, पाणी, भाकरी, ये, जा. महिनाभरात ती समजूत गळून पडली. कालची गोष्ट खांद्यामागे असते आणि उद्याची छातीपुढे, भुवया वर गेल्या की तेच वाक्य प्रश्न होतं, माणसाला एकदा हवेत डाव्या बाजूला उभं केलं की तो गोष्ट संपेपर्यंत तिथंच उभा राहतो. मी शाळेत व्याकरणात नापास झालेला माणूस. बोटांच्या व्याकरणातही त्याने मला बऱ्याचदा नापास केलं.

मास्तर म्हणून तो खाष्ट होता. चुकलं की बोटं पिरगाळायचा. तोंडदेखलं बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. उपअभियंता साहेब पाहणीला आले, तर त्यांच्या पाठीवर नजर ठेवून त्याने त्यांची चाल, पोट आणि रुमालाने मान पुसणं असं हुबेहूब उभं केलं की साहेब वळले तेव्हा आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो. मी रजेवरून परतलो की पहिल्याच भेटीत सांगायचा: जाड झालास. भांडणात त्याच्याकडे एक हत्यार होतं, ते आपल्याकडे नाही. तो डोळे मिटायचा. तुम्ही हात नाचवा, ओरडा, काहीही करा. डोळे मिटले की तुमचं बोलणं संपलं. बघायचं की नाही हे तो ठरवणार.

एक गोष्ट मात्र मला बरेच दिवस उलगडली नाही. तो कधीच कुणाकडे पाठ करून बसायचा नाही. जेवताना बांधाला टेकून, सगळी माणसं समोर येतील असा बसायचा आणि घासाघासाला मान वर करून डोकी मोजायचा. वाती पेटवण्याआधी तर त्याचा नियमच होता. काठावर प्रत्येकाने आपला पंजा डोक्यावर ठेवून उभं राहायचं: मी वर आहे. तो खालून एकेकाचा पंजा बघणार, मगच काडी ओढणार. मुकादम कुरकुरायचा, "शाळेतल्या पोरावानी उभं करायलाय आमाला." तरी ठेवायचा. न ठेवून सांगतो कुणाला? तो काडी ओढायचाच नाही.

याचा उलगडा लातूरला झाला. दर रविवारी तो लातूरला जायचा. एकदा मला घेऊन गेला. गंजगोलाईच्या बाजाराच्या मागच्या बाजूला एका चहाच्या हॉटेलात आठ-दहा बहिरी माणसं जमलेली होती. कुणी औशाहून, कुणी निलंग्याहून, एक तर नांदेडहून एसटीने आलेला. हॉटेलवाला चहा झाला की त्यांच्या डोक्यावरचा दिवा दोनदा चालूबंद करायचा. भांड्यांचा आवाज होता, रस्त्याचा होता, पण त्या टेबलांवर जो गलका चालला होता तो सगळा हातांचा. मला एक अक्षर लागेना. मधूनच सगळे माझ्याकडे बघत, घाटी हलवत आणि हसत. इतक्या माणसांत एकट्याने बसायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. चहा गार झाला तरी मी कपाला चिकटून होतो.

त्यांच्यातला इस्माईलभाई शिंपी लिहिता-वाचता होता. लहानपणी तो हैदराबादच्या कुठल्याशा वसतिगृहाच्या शाळेत होता. वर्गात हात हलले की छडी बसायची, ओठ बघून बोला म्हणायचे. सगळी भाषा तो शिकला ती वर्गाबाहेर, मोठ्या मुलांकडून, लपूनछपून. त्याला माझी दया आली असावी. त्याने खिशातून कापडावर रेघा मारायचा खडू काढला आणि टेबलावर लिहिलं: 'बसलिंग अब धोंडी का किस्सा सुनाएगा. देखो.'

दातांच्या फटीवर बोट ठेवलं की तो धोंडी. बसलिंगचा जोडीदार, त्याच्यासारखाच बहिरा. हातांनी सांगितलेली ही पहिली गोष्ट, जी मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत कळली, आणि कळली नसती तर बरं झालं असतं. परभणीकडची विहीर. वाती पेटलेल्या. सगळे वर, बांधाआड. धोंडीच्या चपला काठावर राहिलेल्या. तो उठून आणायला निघाला. सगळे ओरडले. बसलिंगने त्या ओरडण्याची तोंडं करून दाखवली, एकामागून एक उघडलेली सात-आठ तोंडं, आणि मध्ये धोंडीची पाठ, हळूहळू, शांतपणे काठाकडे चाललेली. ती पाठ त्याने नुसत्या पंज्याने दाखवली होती. मग त्याने स्वतःला दाखवलं: त्या वेळी खाली मान घालून धोतराची गाठ मारत बसलेला. मान वर केली तेव्हा पंजा नव्हता.

इस्माईलभाईने बाहीने टेबलावरची खडूची अक्षरं पुसली. निघताना त्यांचा निरोप तासभर चालला. एकदा घेतला, दारात घेतला, रस्त्यावर घेतला. आमची एक गाडी त्यात चुकली. मला वैताग आला, पण नंतर उमगलं की आठवडाभर ज्याच्याशी कुणी धड बोलत नाही तो माणूस घाईने उठणार कसा?

त्यानंतर मी मन लावून शिकलो. भीती गेली म्हणून नव्हे, ती दुप्पट झाली म्हणून.

उन्हाळा चढला. विहिरीच्या तळाला ओल दिसायला लागली होती आणि अख्खं गाव काठाशी येऊन बसायचं. दोन दिवस टँकर आला नव्हता. त्या दुपारी बायका घागरी घेऊनच आल्या होत्या. सहा भोकं पाडली होती. आमच्या विहिरीपासून ओढ्यापलीकडे एका शेतकऱ्याचीही विहीर चालू होती. दोन्हीकडे एका वेळी बार उडवायचे नाहीत असं मुकादमांनी आपसात ठरवलेलं होतं. पंजे डोक्यावर गेले. बसलिंगने वाती पेटवल्या, वर आला, बांधाआड आमच्या शेजारी पालथा पडला. छाती आणि दोन्ही तळवे जमिनीला लावून. तो नेहमी तसाच पडायचा.

बार उडाले. दगड पडायचे थांबले तसा मुकादम उठला. "सहा! चला, उतरा!"

मीही सहाच मोजले होते. सगळ्यांनीच.

बसलिंग उठून उभा राहिला. एका हाताची पाच बोटं वर. मग दुसऱ्या हाताचं एक बोट, विहिरीकडे, खाली.

मला कळलं. काही शंका नव्हती. पाच उडाले, एक खाली आहे.

मुकादम हसला. "आता बहिरा मोजायलाय आन् आमी ऐकायलाव! सरक बाजूला."

दोघं जण यारीकडे निघाले होते. त्यातला एक महादू, घागर घेऊन आलेल्या गंगाबाईचा लेक. बसलिंग धावला आणि बादलीत जाऊन बसला. हात जोरजोरात चालले होते, पाच, एक, खाली, थांबा, थांबा. मुकादमाने त्याला बाहेर ओढलं आणि मागून त्याचे दोन्ही दंड आवळून धरले. हात बंद झाले. एखाद्याचं तोंड दाबावं तसं ते होतं आणि ते तसं आहे हे तिथं फक्त मला दिसत होतं. तो माझ्याकडे बघत होता. दुसरं करण्यासारखं त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं.

मी गप्प होतो. हे लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मुकादमाचा आवाज, गावाची नजर, वर साहेबांना काय सांगायचं, आणि खरंच सहा झाले असले तर? महादूचा एक पाय बादलीत गेला तोवर मी गप्प होतो.

"हात सोडा त्याचे!" माझा आवाज फाटला. "मुकादम, हात सोडा. बोलू द्या त्याला. पाचच झालेत म्हणतोय तो."

"त्याला काय ऐकू येतंय का सायब?"

"त्याला छातीला लागतं. आपल्या विहिरीचा धक्का वेगळा लागतो म्हणतो." खरं तर एवढं त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. पण त्याचे हात सुटले तेव्हा त्याने तेच सांगितलं: तळवा जमिनीवर, छातीला पाच धक्के. मग ओढ्याकडे बोट, आणि छातीवर नुसती टिचकी. तो सहावा तिकडचा.

ओढ्यापलीकडे धूळ अजून खाली बसत होती.

महादूने पाय बादलीतून काढला. विझल्यासारखी दिसणारी वात आतल्या आत धुमसत राहते आणि कधीही पेट घेते, म्हणून आम्ही बांधाआड जाऊन बसलो. सावली कलली तरी काही झालं नाही. मग खाली जाऊन त्या भोकात पाणी ओतायचं, दारू भिजवायची, एवढा एकच उपाय. आणि गावात पाणी नव्हतं. गंगाबाईजवळ दीड कोसावरून आणलेली एक घागर होती. ती उठली आणि घागर तिने बसलिंगच्या पायाशी ठेवली.

"घ्या. माझा लेक उतरत होता त्यात."

बसलिंगने कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक सरळ माझ्या हातात दिलं. एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे वर घे. मला काठावर, अगदी काठावर उभं राहायचं होतं, कारण त्याने वर बघितलं तर माझे हात दिसायला हवेत. तो उतरला. घागर बगलेत. पन्नास फूट खाली माणूस मुठीएवढा दिसतो. दोन मिनिटांनी त्याने वर बघितलं आणि चिडून हात हलवले: दोर हलतोय, नीट धर. माझ्या हातांची थरथर त्याच्या कमरेपर्यंत पोचत होती. मी दोर पोटाशी दाबून धरला, तर पोटही थरथरत होतं.

तो गुडघ्यांवर बसला. पाणी ओतलं. दगडांत हात घातला. मला ओरडायचं होतं, आणि ओरडून काही होणार नव्हतं. आयुष्यात तेवढा वेळ मी कधीच कुणाकडे पापणी न हलवता बघितलं नाही. मग दोन हिसके.

वर आल्यावर त्याने मूठ उघडली. ओली वात, बोटाच्या पेराएवढी उरलेली. बसलिंग बांधापलीकडे गेला आणि ओकला.

मुकादमाने दोनदा त्याच्यासमोर जाऊन हात जोडले. त्याने डोळे मिटले. तीन दिवस मिटलेलेच. चौथ्या दिवशी मुकादम माझ्याकडे आला, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "सायब, चुकलं कसं म्हणत्यात ते शिकवा की." त्या जाड बोटांना ते जमेना. दोन दुपारी त्याने यारीमागे उभं राहून तालीम केली. मग बसलिंगसमोर जाऊन केलं. बसलिंगने बघितलं, त्याची बोटं पकडली, थोडी वाकडी केली आणि पुन्हा करायला लावलं. त्यानंतर त्या विहिरीवर सगळेच शिकले. पावसाळ्यापर्यंत महादू तर माझ्यापेक्षा भरभर बोलायला लागला. जेवणाच्या सुट्टीत बसलिंग अजूनही बांधाला टेकूनच बसायचा, पण घासाघासाला मान वर करणं कमी झालं होतं.

पाणी लागलं. काम संपलं, टोळी पांगली. किनवटकडे, इस्लापूरच्या बाजूला जंगलपट्टीत विहिरी निघाल्या होत्या आणि तिथल्या ठेकेदाराला सुरुंगवाला हवा होता. मलाही विचारलं होतं, तिकडच्या हजेरीवर जाता का म्हणून. मी लातूरच्या कचेरीतलं टेबल मागून घेतलं. वर पंखा होता. विहिरी आता पुरे झाल्या, असं मी घरी सांगितलं.

चाकूरच्या नाक्यावर मी त्याला सोडायला गेलो. ट्रक उभा होता, आत आठ-नऊ अनोळखी माणसं. बसलिंगने वळकटी आत टाकली आणि मला विचारलं: तिकडे हात कुणाला येतात?

मी म्हणालो, शिकतील.

त्याने भुवया वर केल्या. मग मी खांदे उडवले, आणि उडवले तेव्हाच मला कळलं की मी काय केलं. आमचा निरोप मात्र तासभर चालला नाही. ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि तो वर चढला. जागा नव्हती, म्हणून पुढे केबिनला धरून उभा राहिला, तोंड रस्त्याकडे. बाकीचे मागे बसून आपसात बोलत होते.

ट्रक हलला. जाऊ नको. किंवा थांब, मी येतो. त्या क्षणी मला दोन्ही म्हणायचं होतं. मी चार पावलं धावलो आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून हाक मारली.

"बसलिंग!"

ट्रकमधली सगळी माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. तो तेवढा पुढे बघत उभा होता. मी त्यांच्याकडे हात केले, त्याच्याकडे बोट दाखवलं. ती माझ्याकडे बघून हसली, एकाने तर हात हलवून निरोप दिला, आणि ट्रक वळणाआड जाईपर्यंत त्यांच्यातल्या एकानेही त्याच्या खांद्याला हात लावला नाही.